दुसऱ्या पेठेची जर्सी

पुण्याच्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवर कपड्यांची बॅग होती आणि बॅगेवर फुटबॉलचे बूट. चिखलाचे बूट कपड्यांत घालायला आईने साफ नकार दिला होता. सोडायला आमच्या तालमीच्या टीमचा कॅप्टन धनाही आला होता. खिडकीशी येऊन हसत म्हणाला, "जा की आता. टीव्हीवर बघ फुटबॉल." मी उत्तर दिलं नाही. ते द्यायला मला वीस वर्षं लागली.

कोल्हापूरबाहेर राहणाऱ्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. ती सगळ्या पेठेची असते, तिची फुटबॉलची टीम असते, आणि ज्या पेठेत जन्मलात तिचीच जर्सी घालायची असते. मी कॉलेजकडून खेळलो, विद्यापीठाच्या संघातही होतो, पण जीव अडकला होता पेठेच्या नऊ नंबरात. तो मिळालाही. फायनलच्या सकाळी धनाने ती जर्सी माझ्याकडून काढून बाहेरगावाहून आणलेल्या एका खेळाडूला दिली. वर सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यो कॉलेजातला प्लेअर. मार खायला जमायचं न्हाय ह्येला." पूर्ण मॅच मी बाकावर बसून काढली. आम्ही हरलो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पुण्यात नोकरी, लग्न, फ्लॅट सगळं रीतसर झालं. कॉलेजात माझ्याबरोबर खेळलेले तिशीतच थांबले. कुणाचा गुडघा गेला, कुणाची शिफ्ट आडवी आली. मी थांबलो नाही. ऑफिसात कौतुकाने विचारतात तेव्हा मी 'डिसिप्लिन' म्हणून वेळ मारून नेतो. पहाटे गजर झाला की मला धनाचं तोंड दिसायचं, म्हणून मी उठायचो. शनिवारी टर्फवर खेळायचो. तिथे टीम व्हॉट्सॲपवर ठरते, जो आधी 'इन' लिहील तो खेळतो, आणि हरल्यावर दोन्ही टीम मिळून कॉफी प्यायला जातात. हरल्यावर यांच्या घशाखाली कॉफी उतरते कशी, हे मला आजही कळलेलं नाही.

यंदा समजलं, आमची पेठ आणि पलीकडची पेठ, दोन्हींकडच्या चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूंची मॅच ठरली आहे. मी तालमीत फोन केला. यादी धनाच्याच हातात. म्हणाला, "पुण्याचं पावणं जेवायला बोलवायचं असतंय, टीमात घ्यायचं न्हाय." माझ्याच पेठेत मी पावणं झालो होतो.

मॅचच्या सकाळी एसटीतून उतरलो तो घरी न जाता थेट पलीकडच्या पेठेत गेलो. "तुमच्याकडून खेळतो," म्हणालो. त्यांच्या खेळाडूंनी मला ओळखलं, आधी हसले, मग मी खरंच बोलतोय हे पाहून जर्सी दिली. नऊ नंबर मी मागून घेतला.

"उपाशी ऱ्हा, पण पेठ सोडून खेळू नगंस," असं वडील मला लहानपणापासून सांगत आले होते. मॅचला ते आमच्या पेठेच्या लोकांत, मैदानाच्या पायऱ्यांवर बसले होते. मी तिकडे पाहणं टाळलं. धना बचावाला होता, पोट जर्सीत मावत नव्हतं. पहिला अर्धा तास मी त्याला नुसता पळवला. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तेव्हा त्याच्याच बाजूने आत शिरलो आणि गोल मारला. परतताना त्याच्या कानाशी म्हणालो, "टीव्हीवर बघायचं हुतंस की." आमच्या पायऱ्या चिडीचूप होत्या. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, बायको वाचणार आहे तरी लिहितो.

तीच जर्सी घालून घरी गेलो. वडील दारात उभे होते.

"ती काढ आन् मग आत ये."

"गोल कसा हुता, त्ये सांगा आधी."

त्यांनी जर्सीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "झकास हुता. आपल्यावर झाला."

दारातून ते बाजूला झाले नाहीत आणि मी जर्सी काढली नाही. आईने ताट बाहेर आणून दिलं, मी पायरीवर बसून जेवलो. पेठेतल्या मित्रांनो, तुम्ही जाता-येता माना फिरवल्यात, तेही पाहिलं. पुण्यात मी कुणाकडूनही खेळलो तरी माझं दार कुणी अडवत नाही. ते इथेच अडवलं जातं, म्हणून घर म्हटलं की मला अजून तीच पायरी आठवते.

पश्चात्ताप म्हणाल, तर नाही. धनाला सांगा, पुढच्या वर्षीही येतोय. आणि आईला सांगा, ताट बाहेरच वाढ.