दुरुस्तीवाल्यांचा माणूस

मामाला कोणी "आपण काय करता?" असं विचारलं, की मामी मधेच म्हणायची, "बोलतात." खरंच होतं ते. दुरुस्ती करणाऱ्यांच्या संघटनेतर्फे तो सरकारदरबारी खेटे घालायचा. स्वतःला मात्र साधा प्लगही बसवता यायचा नाही. मिक्सर, पंखे, इस्त्र्या उघडायची ती मामी, घराखालच्या अरुंद दुकानात.

त्या वर्षी मोठ्या कंपन्यांना कायद्यात एक कलम घालून हवं होतं: विजेचं उपकरण उघडायचं ते कंपनीच्याच माणसानं. तसं झालं असतं तर मामीच्या दुकानाला कुलूपच.

या कायद्यावर विचार करणाऱ्या समितीच्या दालनाबाहेर मामा आणि कंपन्यांचा प्रतिनिधी एकाच बाकावर बसायचे. आत एकमेकांचे मुद्दे खोडायचे, बाहेर एकाच डब्यातलं खायचे. मामा त्याला लाडानं 'शत्रुपक्ष' म्हणायचा.

पहिल्या भेटीत कामाचं बोलायचं नाही, हा मामाचा नियम. आधी शिपायाच्या गुडघ्याची चौकशी, मग साहेबांच्या बदलीची. या भिडेपोटीच समितीची बिघडलेली विजेची किटली तो घरी घेऊन आला. मामीनं ती उघडून नीट केली आणि हात पुढे केला.

"अगं, समितीची आहे!"

"मग तर पैसे घ्यायलाच हवेत. उद्या म्हणतील, चहा पाजून कायदा फिरवला."

मामा हसला आणि पैसे न देताच किटली परत घेऊन गेला. पण शेवटच्या सुनावणीला टेबलावर वाफाळणारी किटली दिसली आणि त्याचा चेहरा उतरला. तो उभा राहिला.

"बाई, ही किटली माझ्या बायकोनं दुरुस्त केलीय. फुकट."

अध्यक्षबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "मग ही भेट झाली की हो. आज तुम्हाला बोलता येणार नाही. बाहेर बसा."

शत्रुपक्षानं खुर्ची मागे सरकवली. "मीही दोन कप प्यायलोय, बाई. मलाही भेट पोचली."

दोघांच्या मागे दार बंद झालं. बाकावर मामानं आपलं भाषण पुटपुटून दाखवलं. शत्रुपक्ष म्हणाला, "शेवटचा मुद्दा झकास होता रे. माझी पंचाईत झाली असती."

आत, समजावून सांगायला कोणीच नसल्यामुळे, सभासदांनी कलम स्वतः वाचलं. एकानं विचारलं म्हणे, "माझ्या गावी इस्त्री बिघडली तर कंपनीचा माणूस येणार कधी?" कोणालाच सांगता येईना. कलम बारगळलं.

संध्याकाळी बातमी ऐकून मामीनं विचारलं, "एवढं बोललात तरी काय?"

"काही नाही. बाहेर बसलो होतो."

"तरीच," मामी म्हणाली आणि तिनं पुढचा मिक्सर ओढला.