केदारखेड्याचं विरजण

हैदराबादेहून निघताना आईनं वाटेसाठी दशम्या दिल्या आणि एक धुवट धडपा (फडक्याचा तुकडा) दिला. आजीच्या घरचं दही त्याला लावायचं, सावलीत वाळवायचं आणि घरी आल्यावर कोमट दुधात बुडवायचं, की तेच विरजण पुन्हा लागतं. पाय मोडल्यामुळे आईला आजीचं शेवटचं तोंडही पाहता आलं नव्हतं. "तेवढं तरी आण," एवढंच ती म्हणाली.

जालन्याला रेल्वेतून उतरलो आणि पुढे बैलगाडी केली. दोन्हीकडे ज्वारी हुरड्याला आलेली. गाडीवान बोलघेवडा, कुणाकडे निघालात ते विचारलं आणि आजीचं नाव ऐकताच म्हणाला, या रस्त्याला तिच्या हातचं ताक न प्यालेला माणूस सापडायचा नाही. पूर्णा नदी ओलांडताना वाळूत चाक रुतलं तेव्हा मी शहाणपणानं ढकलायला उतरलो आणि चांगला कमरेएवढ्या पाण्यात बसलो. गाडीवान पोट धरून हसला.

असा ओलाचिंब केदारखेड्यात पोचलो. मामी गळ्यात पडून रडली.

आजी ऐन विशीत विधवा झाली. एका म्हशीवर तिनं आई आणि मामा, दोघांना वाढवलं. पुढे आम्ही नातवंडं सुट्टीला जायचो तर साय आमच्या भाकरीवर आणि भांड्याच्या तळाची खरवड तिच्या ताटात. वर म्हणायची, मला साय पचत नाही. खोटारडी होती बिचारी. दारी विरजण मागायला आलेल्याला मात्र तिनं कधी रिकामं पाठवलं नाही.

मी धडपा काढला तशी मामीनं कोपऱ्यातल्या नव्या मडक्यांकडे बोट दाखवलं. सुतक फिटल्यावर रीतीप्रमाणे घरातलं साठवणीचं सगळं टाकून, मडकी फोडून नवी आणली होती.

"मंग काय करावं, बापू? विरजण बी त्यातच गेलं. ध्यानातच आलं न्हाई."

मला राग आला, पण कुणावर काढणार? जेवायला बसलो तरी डोक्यात एकच, आईला आता काय तोंड दाखवू? मामीच जेवता जेवता थांबली. आजी जायच्या आदल्या सांजेला वस्तीवरची सखूबाई धनगरीण विरजणाला वाटी घेऊन आली होती, तिला आठवलं.

हात धुतले न धुतले तोच वस्ती गाठली. सखूबाईनं गाडगं पुढे केलं. "दूध माझ्या शेळीचं हाय," ती म्हणाली, "पण विरजण बिलकुल तुझ्या आजीचंच. रोज त्याच्यातूनच लावून राह्यले."

धडपा दह्यात बुडवून कुंपणावर टाकला आणि दही-भाकरीला बसलो. तेवढ्यात तिच्या शेळीनं धडपा चावून गिळला. सखूबाई म्हणाली, शहरातली माणसं शेळीला जेवायचं निमंत्रण देतात हे नव्यानंच कळलं. मग माझ्या उपरण्याचं टोक फाडून पुन्हा दही लावलं आणि ते वाळेपर्यंत मी काठी घेऊन राखण केली.

हैदराबादेला पोचलो त्या संध्याकाळी आईनं स्वतः दूध कोमट केलं. सकाळी झाकण काढलं तर दही लागलेलं, घट्ट. तिनं बोटभर चाखलं आणि पदर डोळ्यांना लावला. आजी गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. मला वाटलं, आता वाढून घेईल. तिनं वाटी मागितली, चमचाभर दही तीत काढलं आणि माझ्या हाती दिलं.

"शेजारी देऊन ये. मग आपण जेवू."