पडला की पाडला

"पाडला म्हणा, आबा! 'पडला' म्हणून घात करू नका," थोरला ओरडला.

"अरे, पट्टा तुटला आणि माग बंद पडला. मिस्त्रीला बोलवायला मी हात वर केला. बाकीच्यांना वाटलं, इशाराच झाला. झाला संप सुरू!"

संपाच्या स्मरणसोहळ्यासाठी म्हाताऱ्या विणकराच्या आठवणी रेकॉर्ड करायला युनियनची माणसं संध्याकाळी येणार होती, आणि घरात एका कान्यावरून रणकंदन माजलं होतं. त्या वर केलेल्या हातावर थोरला निवडणूक जिंकला होता. धाकट्याने तर त्याच हाताच्या जोरावर सासरा पटवला होता.

"सासऱ्यांना काय तोंड दाखवू?" धाकटा कळवळला.

आईने भाजी चिरता चिरता विचारलं, "पट्टा तुटला, कबूल. मालकाने नवा बसवून बोलावणं धाडलं, तेव्हा का नाही गेलात?"

"सगळे बाहेर असताना मी एकटा कसा जाणार?"

"मग तेच सांगा की!"

"ते तर सगळ्यांनीच केलं," थोरला वैतागला. "त्यात आपलं काय?"

आबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"मी सगळ्यांचंच सांगणार आहे. रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही दोघांनी या खोलीत थांबायचं नाही."