फोटोला हार नाही

समता कॉलनीतल्या माझ्या स्कूटर मिस्त्रीच्या दुकानात हेवीवेट बॉक्सिंगच्या एका जगज्जेत्याचा फोटो आहे. काम संपलं की मिस्त्री फोटोकडे बघून हलकेच ठोसा उगारतो. दसऱ्याला पान्या-पकडीपासून हवेच्या टाकीपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार चढतात, फोटोला नाही.

"जित्या माणसाले हार घालतेत काय, भाऊ?"

परवा तो जगज्जेता वारला. मी स्कूटर टाकायला गेलो, तेव्हा मिस्त्री हार घेऊन स्टुलावर उभा होता. बऱ्याच वेळाने उतरला आणि हार टाकीवर ठेवला.

"उद्या घालू."

आज हार तिथेच वाळलेला दिसला. मिस्त्रीने शेवटचा नट आवळला, सवयीने मूठ उचलली आणि फोटोकडे न बघताच खाली घेतली.