कुंकवाची रिंग

अप्रेंटिसशिपनं माणूस घडतो, असं बोलावलेले पाहुणे भाषणांत हमखास सांगतात. मलाही दोनदा स्टेजवर बसवून असलं काहीतरी बोलायला लावलं. मी बोलले आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले. मी घडले असेन तर रागानं घडले. तो राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी इच्छाही नाही.

आयटीआय करून मी शिरोलीच्या एका मशीन शॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागले. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या गावातून सकाळची पहिली एसटी धरायची, पुढं वडापची जीप, आणि आठच्या ठोक्याला आत. तिथं पंपाच्या बीडाच्या कास्टिंगला बेअरिंग बसेल अशी नेमक्या मापाची भोकं करत. मशीनवर एकच मिस्त्री. हात सोन्याचा आणि तोंड गटाराचं. माझ्या अप्रेंटिसच्या वहीत दर महिन्याला त्यांची सही लागायची. वर्षाच्या सह्या पुऱ्या झाल्या तरच शेवटच्या परीक्षेला बसता येणार होतं. परीक्षा हुकली तर घरात स्थळं बघायला सुरुवात होणार होती, आईनं तसं तोंडावर सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी मिस्त्री म्हणाले, “ए पोरी, मापाला हात लावायचा न्हाय. बाईचा हात लागला की माप फिरतंय.”

चार महिने मी कानशीनं कडा घासल्या आणि बीडाची काळी भुकटी झाडली. नाक शिंकरलं की रुमाल काळा. बाकीचे कामगार हसायचे. मिस्त्री हसायचेसुद्धा नाहीत, मी तिथं नाहीच असं वागायचे, आणि त्याचा मला जास्त संताप यायचा.

मग खंडेनवमी आली. यंत्रं बंद, झेंडूचे हार, नारळ. मोजायची हत्यारं कापडावर मांडली आणि मिस्त्रींनी सगळ्यांवर ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढली. मास्टर रिंगच्या आतूनही एक बोट फिरवलं. ही रिंग म्हणजे नेमक्या मापाची पोलादी कडी. भोक मोजायचं गेज आधी तिच्यात घालून शून्यावर लावायचं आणि मग कामाला लागायचं. रिंगचं माप चुकलं तर पुढचं सगळंच चुकलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर मोठी ऑर्डर डोक्यावर. माणसं कमी. नाइलाजानं मिस्त्रींनी रिंगमध्ये गेज घालून शून्य लावलं आणि ते माझ्या हातात दिलं. रिंगच्या आत लाल डाग सरळ दिसत होता.

“मिस्त्री, रिंग पुसू का?”

“देवाचं कुंकू पुसत्यात व्हय? जाईल तवा जाईल. तू माप घे गप.”

मी गप माप घेतलं. गेज पहिल्यांदा हातात आलं होतं, ते परत काढून घेतील म्हणून गप बसले. त्या गप बसण्याचाही मला राग आहे.

आठवड्यात सगळा लॉट परत आला. भोकं लहान पडली होती, बेअरिंग जाईना. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“मी सांगितलंतं की मालक,” मिस्त्री म्हणाले. “पोरीच्या हातात गेज दिलं आणि वाटोळं झालं. आता हिच्या वहीवर मी सही करत नसतो.”

मी शॉपमधून रिंग आणली, माझा धुतलेला पांढरा रुमाल बोटाला गुंडाळला आणि मालकांच्या टेबलावर रिंग आतून पुसली. रुमालावर लालभडक पट्टा उठला. मग पुसलेल्या रिंगवर शून्य लावून परत आलेला एक नग मोजून दाखवला. त्या कुंकवाच्या थराइतकंच भोक लहान निघालं.

मिस्त्रींनी तो रुमाल उचलला आणि कपाळाला लावला, देवाचं कुंकू म्हणून!

“आता गिऱ्हाईकाला काय कळवू?” मालक म्हणाले. “पूजेनं माल बिघडला म्हणून? हसतील की लोक.” त्यांनी तक्रारीच्या उत्तराचा कागद पुढं ओढून स्वतः लिहिलं. कारण: शिकाऊ कामगाराची चूक. उपाय: कामगारास समज दिली. “कर सही. मग मिस्त्री तुझ्या वहीत करतील.”

मला त्या दोघांच्या तोंडावर रिंग फेकून मारावीशी वाटली. मी सही केली. मिस्त्रींनी माझ्याकडं न बघता वहीत सही केली. भोकं लहानच होती म्हणून माल वाचला. दोन दिवसांत भोकं मापाला मोठी करून दिला, मापं मीच घेतली आणि सगळी बेअरिंग बसली.

परीक्षा पास झाले. नोकरी करत डिप्लोमा केला, मग डिग्री. आज एका मोठ्या कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासणारा विभाग माझ्याकडं आहे. माल परत पाठवला की पुरवठादारांची उत्तरं येतात. निम्म्या उत्तरांत तेच असतं, शिकाऊ कामगाराची चूक. असलं उत्तर मी घेत नाही. दुसऱ्यांदा आलं तर स्वतः जाऊन शॉपमध्ये उभी राहते. माझ्या मागं लोक मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, म्हणू देत.

गेल्या वर्षापासून ते जुनं मशीन शॉपही आम्हाला कास्टिंग पुरवतं. दसऱ्यानंतरचा त्यांचा पहिला लॉट आला आणि भोकं लहान निघाली. मी परत पाठवला. चार दिवसांत उत्तर आलं. अक्षर मालकांचंच होतं. कारण: शिकाऊ कामगाराची चूक. खाली कुणातरी पोरीची सही होती, घाईत केलेली, शेवटचं अक्षर अर्धवट राहिलेलं.

मी लाल पेनानं तिच्या सहीवर काट मारली. शेजारी लिहिलं, “रिंग पुसा.” खाली माझा हुद्दा-बिद्दा काही न घालता नुसती सही केली, त्या दिवशी मालकांच्या टेबलावर केली होती तीच.