शिवम्माच्या परसातला वाटाणा

नवरा गेल्यावर देगलूरचं किराणा दुकान बंद झालं आणि वीरेशनं आईला, शिवम्माला, लातूरला आपल्या घरी आणलं. घरामागं भिंतीलगत मातीची एक चिंचोळी पट्टी होती. शिवम्मा दिवसभर तिथंच पायरीवर बसायची. फार बोलायची नाही.

एकदा सून अक्षरा शेजारी येऊन बसली. "अत्याबाई, देगलूरची आठवण येऊन राहिली का?"

"देगलूरची न्हाई गं. माहेरची, उदगीरची. आमच्या परसात वाटाणा असायचा. मी अन् नीलम्मा अक्का शेंगा तोडून तिथंच खायचो, सालीसकट. आई म्हणायची, भाजीला काय ठेवता का न्हाई?"

दसऱ्यानंतर अक्षरानं सालीसकट खायच्या वाटाण्याचं बी आणलं. शिवम्मानं ते भिजवून पेरलं. पहिले कोंब चिमण्यांनीच खुडले. तिनं पुन्हा पेरलं आणि वर जुनी मच्छरदाणी ताणली. वेल चढायला लागले, तसा तुरीच्या वाळक्या काड्यांचा आधार दिला. पांढरी फुलं आली तेव्हा शेजारणींना हाका मारून बोलावलं. इतके महिने गप्प असलेली सासू आता गल्लीभर बोलत होती.

येळवस, शेतात पूजा करून जेवायची मार्गशीर्षातली अमावस्या, जवळ आली, तशा शेंगा भरल्या. शिवम्मानं घरच्या भज्जीपुरत्या, त्या सणाच्या मिसळीच्या भाजीपुरत्या, बाजूला काढल्या आणि बाकीच्या पिशवीत भरल्या.

"ह्या अक्काच्या. वीरेश, मला उदगीरला घेऊन चल."

अक्काचं सासरही उदगीरलाच होतं, पण गुडघ्यांमुळं ती कुठं जात नव्हती. बहिणींची भेट होऊन बरेच दिवस झाले होते. येळवसीला घरचे सगळे शेतावर गेलेले, अक्का एकटीच ओसरीवर बसलेली. शिवम्मानं तिच्या ओच्यात शेंगा ओतल्या. अक्का एक सोलायला लागली.

"सोलू नको. तशीच खा."

"मला दात कुठं राहिलेत, शिवू?"

शिवम्मानं शेंगेचा दोरा ओढून काढला, तिचे बारीक तुकडे केले आणि अक्काच्या हातावर ठेवले. अक्कानं ते कितीतरी वेळ तोंडात घोळवले.

"गोड हाय," ती म्हणाली. मग हळूच, "आपल्या परसात आता भाच्याचं गोदाम झालंय. मी बघायला गेलेच न्हाई."

"मी पण न्हाई."

दोघी मग स्वयंपाकघरात गेल्या. अक्कानं खुर्चीवर बसून शेंगा निवडल्या, शिवम्मानं भज्जी शिजवली. दुपारी वीरेश गाडी काढून उभा राहिला, तेव्हा शिवम्मा दारापर्यंत आली.

"तू जा. मी संक्रांतीपर्यंत राहते. अक्षराला सांग, वेलांना पाणी घालत जा म्हणावं."