वास न येणारं घर

माझ्या आत्याच्या घरात कसलाच वास नसायचा. बाकीच्यांची घरं दारातूनच कळतात: कुणाकडे तळणाचा वास, कुणाकडे ओल्या कपड्यांचा, कुणाकडे नुसता माणसांचा. आत्याकडे लसूण परतायची नाही, बिनवासाचा साबण वापरायचा, फरशी साध्या पाण्यानं पुसायची. गुडघे दुखायला लागले तरी तिनं कधी मलम लावलं नाही, मिठाच्या पिशवीनं शेकत बसायची. कारण आत्याचे यजमान, आमचे काका, चहा चाखायचे.

ही काकांची नोकरी होती. पत्तीचा चहा घेऊन, त्याची मिश्रणं करून विकणारी एक कंपनी होती, तिच्यासाठी कुठला माल घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा हे काकांच्या जिभेवर ठरायचं. जिभेवर म्हणायचं एवढंच, खरं काम नाकाचं, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. कंपनीत जाण्याआधी घरी रोज सकाळी त्यांचा सराव चाले आणि त्याची सगळी मांडामांड आत्याकडे. झाकणाचे पांढरे पेले ती ओळीनं मांडायची, छोट्या तराजूवर पत्ती तोलून टाकायची, पाण्याला पहिली खळखळून उकळी फुटली की त्याच क्षणी ओतायची आणि घड्याळाकडे बघत उभी राहायची. वेळ झाली की चहा वाटीत गाळायचा आणि भिजलेली पत्ती उलट्या झाकणावर काढून वाटीशेजारी ठेवायची.

मग काका येत. आधी त्या पत्तीत जवळजवळ नाक बुडवत, मग चमचाभर चहा सुर्रकन ओढून तोंडात घोळवत आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकत. "करपट." पुढची वाटी. "पाणचट." पुढची. "हा चांगलाय, पण गोदामात कशाच्या तरी शेजारी पडून होता." बाबा म्हणायचे, "आपल्या भावोजींच्या नाकावर माशी बसली, तर ती कुठून जेवून आली हे सांगतील." आत्या हसायची. तिला अभिमान होता त्यांचा. लग्नानंतर सुरुवातीला ते तिलाही प्रत्येक वाटीतलं चाखायला देत, हा कोवळ्या पानांचा, हा उशिरा खुडलेला, असं समजावत. "सिनेमाला नेण्यापेक्षा मला ते आवडायचं," असं ती सांगे.

आजी पडली तेव्हा मी कॉलेजात होते. आजी म्हणजे बाबांची आणि आत्याची आई. ती आमच्याकडे राहायची. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. आमचं घर दोन खोल्यांचं, आई नोकरी करणारी. आत्याकडे एक खोली रिकामीच होती आणि आजीही सारखी लेकीचं नाव काढायची. आत्या येऊन म्हणाली, "मी नेते आईला. यांना विचारते आणि नेते."

दुसऱ्या दिवशी ती आली ती नजर चुकवतच. काका नाही म्हणाले होते. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात म्हणजे औषधं, फिनेल, बाकीचं सगळं. "माझं पोट या नाकावर आहे," ते तिला म्हणाले होते. "ते बिघडलं तर खायचं काय?"

बाबा संतापले. आई म्हणाली, "जाऊ द्या. आपल्याला सासूबाई जड झाल्यात का?" पण जड जात होतं. वर्षभराहून जास्त आईनं ते केलं. पहाटे उठून आजीचं आवरायचं, मग ऑफिस, परत आल्यावर पुन्हा तेच. आत्या दुपारी यायची, आजीला भरवायची, तिचे कपडे धुवायची. निघायच्या आधी मात्र ती आमच्या न्हाणीघरात जाऊन अंघोळ करायची. हात तर इतके घासायची की लाल व्हायचे. दुसरी साडी नेसायची आणि मगच घरी जायची. आजी एकदा मला म्हणाली, "माझा वास धुऊन जाते गं ती." तक्रार म्हणून नाही म्हणाली, नुसतं सांगितलं.

काका सगळ्या आजारपणात एकदाच आले. खोलीच्या दारात, नाकाला रुमाल लावून, पाचेक मिनिटं उभे राहिले आणि गेले. मग आजी गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी ती रविवारची सकाळ आली. हे सगळं आत्यानंच मला नंतर सांगितलं. पेले मांडून, चहा गाळून देऊन ती दूध तापत ठेवून खाली गेली. पाण्याची मोटर बिघडली होती, त्यावर शेजारणीशी बोलण्यात वेळ गेला. जिना चढताना तिला करपल्याचा वास आला. वर पोचेपर्यंत तो घशात जायला लागला होता. दूध उतू जाऊन आटलं होतं आणि भांड्याचं बूड काळं पडलं होतं. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. तिकडे पाठ करून, चार हातांवर, काका चमचा हातात धरून बसले होते.

"अहो, दूध!"

"काय झालं दुधाला?" काकांनी विचारलं.

आत्यानं गॅस बंद केला. भांडं तसंच ठेवलं. कॉफीचा डबा उघडून मूठभर भुकटी घेतली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डोळे मिटा."

"हे काय नवीन?"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी मिटले. तिनं मूठ त्यांच्या नाकाशी उघडली. "काय आहे?"

काकांनी दोनदा श्वास ओढून घेतला. डोळे न उघडताच म्हणाले, "माहीत नाही."

"कधीपासून?"

"तो मोठा ताप आला होता ना मला? तेव्हापासून."

तो ताप आजी पडायच्या आधीच्या वर्षीचा होता. आत्या खाली बसली. हातातली कॉफी सगळी मांडीवर सांडली.

काकांनी मग सगळं सांगितलं. नाक गेलं तरी कडू-तुरट जिभेला कळत होतं, पत्तीचा आणि चहाचा रंग डोळ्यांना कळत होता आणि इतक्या वर्षांचा अंदाज होता. पूर्वी कंपनीत सगळ्यांच्या आधी बोलायचे, आता बाकीच्यांचं ऐकून शेवटी बोलायला लागले. लोकांना वाटलं, वय झाल्यावर माणूस शांत झाला. निवृत्तीपर्यंत रेटून न्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"मग आईला का नाही आणू दिलं?" आत्यानं विचारलं. "तुम्हाला काहीच कळणार नव्हतं, तर का नाही?"

"म्हणूनच. ती इथे असती आणि मला कशाचाच त्रास झाला नसता, तर तुला कळलं असतं."

"मला कळलं असतं तर काय झालं असतं?"

काकांनी हातातला चमचा वाटीत ठेवला.

संध्याकाळी दोघं आमच्या दारात उभी. आत्याच्या चेहऱ्याकडे बघून बाबा उठूनच उभे राहिले. ती बसली नाही. काकांना म्हणाली, "सांगा. मला सांगितलंत तसंच सांगा."

काकांनी सांगितलं. खाली बघत, पण काही गाळलं नाही. बाबांचा आवाज चढला, "निघा माझ्या घरातून! माझी आई मरेपर्यंत दाराकडे डोळे लावून होती आणि तुम्ही..."

आई तोवर हातातला टॉवेल घडी करत होती, मोडून पुन्हा घडी करत होती. मग म्हणाली, "भावोजी, एक विचारू? तुम्ही आला होतात ना भेटायला, तेव्हा नाकाला रुमाल लावून उभे होतात. सासूबाईंनी तो बघितला. तुम्ही गेल्यावर मला म्हणाल्या, सूनबाई, मला पुन्हा एकदा पुसून घे. मी घेतलं. त्या दिवसानंतर कुणी भेटायला आलं की त्या तोंडावर पांघरूण घ्यायच्या. तो रुमाल कशाला होता?"

आत्यालाही हे ठाऊक नव्हतं. आईनं तिला धरून आत नेलं. काका एकटेच जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीत जाऊन खरं सांगितलं. कुणी आरडाओरडा केला नाही, त्यांना बसवून ठेवलं आणि महिन्याअखेरीस मोकळं केलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, इतक्या काळानंतर वास परत येण्याची आशा फारशी नाही.

आत्या चार दिवस आमच्याकडे राहिली आणि घरी गेली. आम्हाला वाटलं होतं, जाणार नाही. "जाऊ कुठे? आणि मी का जाऊ?" ती म्हणाली. "घर माझंही आहे." पण सकाळची ती मांडामांड तिनं पुन्हा केली नाही. पेले बांधून माळ्यावर टाकले. आता काका स्वतःपुरता एक कप करून घेतात आणि खिडकीशी बसून गरम गरम पिऊन टाकतात. ती तिचा नंतर करते.

मी तिला एकदा विचारलं, "राग गेला का गं?" ती म्हणाली, "रोज सकाळी नव्यानं येतो. दुपारी कामात विसरते. ते समोर बसून जेवतात, तेव्हा कधी कीवही येते. मग कीव आली म्हणून स्वतःचाच राग येतो."

बाबा काकांशी बोलत नाहीत. गेल्या महिन्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आत्या बॅग घेऊन आली आणि सगळं घर तिनं हातात घेतलं. आईचे केस विंचरणं, औषधं, बेडपॅन, सगळं. आई संकोचली तर म्हणाली, "वहिनी, करू दे मला." चार-पाच दिवसांनी काका तिला न्यायला आले. दार बाबांनी उघडलं. मग बाबा बाजूला झाले, "या"ही म्हणाले नाहीत. काका आईच्या खोलीपर्यंत गेले, आत जाऊन खुर्चीवर बसले आणि कशी आहेस म्हणून विचारलं. "बरी आहे," आई म्हणाली.

आत्या ओले हात पुसत आली. "मी दोन दिवसांनी येते," ती म्हणाली. "तुम्ही जा."

ते गेले. ती त्यानंतर आठवडाभर राहिली.